सव्वीस फुटांसाठी एक हीटर

"काका, यातला कुठला हीटर माणसाला मारत नाही?"

सिग्नेनं हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं की रंगाच्या डब्यांमागं लपलेल्या जोली आणि ट्रिनिटीनं एकदमच तोंडावर हात दाबले. पैज साधी होती. ऑर्विलच्या हार्डवेअरच्या दुकानात जायचं, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून हा प्रश्न विचारायचा आणि हसायचं नाही. सिग्ने हसली, तर सोमवारी कॅन्टीनमध्ये टेबलावर उभं राहून तिनं कोंबडीसारखं ओरडायचं. नाही हसली, तर ट्रिनिटीनं.

गेल्या वर्षी ही पैज सिग्नेशी कुणी लावलीच नसती. गेल्या वर्षी ती टोपी डोळ्यांपर्यंत ओढून शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. मग फेब्रुवारीत इंग्रजीच्या बाईंनी तिला जवळजवळ ढकलूनच वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, विनोदी विभागात. दुसरं काही सुचेना म्हणून तिनं आपल्या घराबद्दलच बोलायला सुरुवात केली. ट्रकमागं ओढायचं सव्वीस फुटी कॅम्पर, त्यात तिघं. "आमच्याकडे बाथरूममध्ये बसल्या बसल्या शेगडीवरची अंडी परतता येतात," ती म्हणाली आणि सभागृह हसलं. "आई रागावून माहेरी निघाली तर अख्खं घर बरोबर नेऊ शकते," म्हणाली आणि परीक्षकसुद्धा हसले. सिग्ने तोर्गरसन, जिल्ह्यात पहिली! त्या दिवसापासून टोपी गेली, ती कायमची.

तर आता ती ऑर्विलसमोर उभी होती आणि हसत नव्हती. गंमत म्हणजे तिला ते फारसं जडही जात नव्हतं, कारण हीटर तिला खरंच हवा होता. हे काही तिनं मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. भांडी विसळून साठवलेले पैसे खिशात होते.

ऑर्विल पण हसला नाही. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"राहता कशात?"

"कॅम्परमध्ये."

"ते माहितीये गं. गावात सगळ्यांना माहितीये. किती फुटी? लाईन किती अँपिअरची?"

"सव्वीस फूट. तीस अँपिअर."

"गाडी किती जुनी?"

"माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आणि माझ्यापेक्षा जास्त गळते."

डब्यांमागून फुर्र असा आवाज आला. ऑर्विलनं तिकडं पाहिलंही नाही. त्यानं तीन हीटर उचलून काउंटरवर मांडले. एक पंख्याचा छोटा डबा, एक लाल काचेचा, झगमगीत, आणि एक जाड पाकळ्यांचा, पायांना चाकं असलेला, तेलाचा.

"आता ऐक. पेट्यांवर हे लोक काय वाट्टेल ते लिहितात. जादूची ऊब काय, हजार फुटांचं घर काय. पंधराशे वॅट म्हणजे पंधराशे वॅट. तिन्ही सारखंच तापवतात. हा पंख्याचा झटक्यात गरम करतो, पण घोंघावतो आणि धूळ ओढतो. हा लाल, समोर बसलेल्याला भाजतो आणि मागच्याला गारठवतो, आणि तुमच्याकडे इंचाइंचावर पडदे न् पांघरुणं."

"म्हणजे हा मारतो."

"कुठलाही मारतो, पोरी, वेड्यासारखा वापरला तर. हा तेलाचा बरा. तापायला वेळ घेतो, पण गप बसतो, आडवा झाला की बंद पडतो आणि बंद केल्यावरही तासभर उबदार राहतो. फक्त फुल्ल लावायचा नाही. तुमच्या गाडीतल्या वायरी म्हणजे शेवया. मधल्या खुणेवर लावायचा. मायक्रोवेव्ह लावलास की हीटर बंद, नाहीतर खटका पडला म्हणून समज. अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघायचा. गरम लागला तर काढायचा. आणि एक्स्टेंशनवर लावायचा नाही. म्हणजे नाहीच."

सिग्नेला नारिंगी वायर आठवली. गेल्या हिवाळ्यात बाबानं कुठल्याशा अंगणातल्या सेलमधून एक हीटर आणला होता आणि खिडकीच्या फटीतून नारिंगी एक्स्टेंशन आत ओढली होती. गॅस वाचतो म्हणून तो भलताच खूश होता. जानेवारीत तिच्या बिछान्यापाशी लावून बघितला, तर तिथला प्लग वितळून भिंतीला काळा डाग पडला.

"आणि गाडीतली गॅसची भट्टी बंद ठेवू नका," ऑर्विल म्हणाला. "इथं दर वर्षी कुणीतरी हीच चूक करतो. हीटरनं खोली गरम होते, थर्मोस्टॅटला वाटतं सगळं झकास आहे, भट्टी पेटतच नाही. पण गाडीच्या पोटातल्या पाण्याच्या पाइपांना ऊब मिळते ती त्या भट्टीचीच. वर तुम्ही बनियनवर आणि खाली पाइप फुटलेला."

"आमचा फुटला ना," सिग्ने म्हणाली. "वीस जानेवारीला. मार्चपर्यंत मी शाळेच्या जिममध्ये आंघोळ करत होते."

हे तिनं भाषणात घेतलं नव्हतं.

"झालर तरी लावलीये का या वर्षी?"

झालर म्हणजे कॅम्परच्या पोटापासून जमिनीपर्यंत चहूबाजूंनी लावायचे फोमचे जाड तक्ते. वारा खाली शिरत नाही. ऑक्टोबर लागला की कॅम्पर उभी करतात त्या तळावर कोण हिवाळाभर राहणार आणि कोण निघणार, हे त्या झालरीवरूनच कळतं.

"बाबा म्हणतो, झालर लावतात ते इथं राहणारे. आपण काय, चार दिवसांचे पाहुणे." तिनं खांदे उडवले. "पण काही हरकत नाही. बीटचा हंगाम संपला, आता आम्ही घरात जातोय. चौथ्या गल्लीत. हा हीटर मधल्या दोन आठवड्यांपुरता."

ऑर्विल तेलाच्या हीटरची वायर गुंडाळत होता, तो थांबला.

"चौथ्या गल्लीत? त्या पिवळ्या घरात?"

"हो. वरची खोली माझी. खिडकी पूर्वेला आहे."

"अगं, पण तिथं..." त्यानं चष्मा परत डोळ्यांवर घेतला, जणू तिला आता नीट बघायला हवं होतं. "तिथं साखर कारखान्यातला तो नवीन माणूस राहायला आलाय ना. बायको, जुळी मुलं. आता जूनपर्यंत पुरेल इतका रंग नेला माझ्याकडून. तुला... म्हणजे तुझ्या बाबानं दुसरं बघितलं असेल."

"हो, हो. दुसरं," सिग्ने म्हणाली. "माझाच गोंधळ झाला."

ती हसली नाही. पैज ती जिंकली होती.

गाडी जोलीच्या आईची होती. जोली चालवत होती, ट्रिनिटी मागं हीटरचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साखरेसाठी पिकवलेले बीट उपटून मोकळी झालेली काळी शेतं होती आणि कारखान्याचा तो आंबूस, सडका वास बंद काचांतूनही येत होता.

"सोमवारी कोंबडी मी होणार," ट्रिनिटी शेवटी म्हणाली. "दोनदा होईन हवं तर."

"होशील गं. तुला सवय आहे."

"सिग्ने," जोली म्हणाली. "तो ऑर्विल म्हातारा झालाय. चुकत असेल."

"रंग त्यानं विकलाय."

"मग बाबाला विचार."

"विचारणारच आहे." तिनं काचेवर बोटानं एक चौकोन काढला आणि तळव्यानं पुसला. जूनमध्ये बाबानं तिला आणि आईला ते घर दाखवायला नेलं होतं. मोजपट्टी नव्हती म्हणून वरच्या खिडकीचं माप तिनं वितींनी घेतलं होतं. रुंदीला सात, उंचीला नऊ. जोलीनं तिच्या जुन्या पडद्यांना तेवढी मुडप घालून ठेवली होती. "पहिला बर्फ पडायच्या आत आपण पक्क्या छताखाली," बाबा म्हणाला होता. "शब्द देतो."

"आई परत विचारत होती," जोली समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली. "तळघरातली खोली, तुझ्यासाठी. ताई कॉलेजला गेल्यापासून नुसती पडून आहे. मी तिला सांगितलं, सिग्ने नको म्हणते, त्यांना घर मिळतंय."

"बरोबर सांगितलंस."

"आता काय सांगू?"

सिग्नेनं मागं वळून खोकं नीट आहे ना ते बघितलं.

तळावर पळापळ होती. सकाळीच बीटचा शेवटचा ट्रक रिकामा झाला होता आणि हंगामाला आलेली माणसं ॲरिझोनाकडे, उन्हाकडे, निघाली होती. कुणी पाण्याचे पाइप गुंडाळत होतं, कुणी कॅम्पर ट्रकला जोडत होतं, कुत्री भुंकत होती, लोक एकमेकांना "पुढच्या वर्षी भेटू" म्हणत होते. बारा दिवस गजबजलेलं गाव तासाभरात विस्कटत होतं. वर्षापूर्वी तोर्गरसनही असेच बारा दिवसांसाठी आले होते. विस्कॉन्सिनमधलं घर सुटलं होतं, आणि "हंगाम करू, मग बघू" असं ठरलं होतं; मग बाबाला कारखान्यात काम मिळालं आणि ते राहिले.

तळाची व्यवस्था बघणारी बेव तिच्या छोट्या गाडीतून आली आणि खोक्याकडे बघून म्हणाली, "हीटर का? बरं झालं. तुझ्या बापाला सांग, हिवाळाभर राहायच्या कागदावर सही राहिलीये. तुमचीच एकट्यांची. आणि झालर नसली तर एक तारखेपासून पाणी बंद. गेल्या वर्षीसारखं मला तुमच्यापायी अख्ख्या रांगेचं पाणी तोडायचं नाही."

"तो काय म्हणाला?"

"तो? तो म्हणाला, बेव, मी सह्या करत नाही, मी हात मिळवतो." बेवनं नाक उडवलं. "हात मिळवून पाइप गोठायचे थांबले असते तर काय हवं होतं!"

आत आई बटाट्यांची कॅसरोल ओव्हनमध्ये सरकवत होती. बाबा टेबलाशी बसला होता, केसांत अजून बीटची माती, पण चेहरा सणाला असतो तसा.

"आली आमची सिग्ने! बघ रोंडा, काय आणलंय पोरीनं. काय आहे गं ते?"

"हीटर."

"हीटर? कशाला उगाच? दोन आठवड्यांचा प्रश्न. मी गॅस भरून आणला असता."

"दोन आठवड्यांनी काय होणार आहे, बाबा?"

"म्हणजे? ठरलंय ते होणार आहे."

"चौथ्या गल्लीत?"

"तेच तर."

सिग्नेनं खोकं खाली ठेवलं. आपला आवाज इतका शांत कसा येतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं. स्टेजवर उभं राहिल्यावर यायचा तसा.

"तिथं कारखान्यातला माणूस राहतोय. त्याला जुळी मुलं आहेत. वरच्या खोलीचा रंग झाला असेल एव्हाना."

बाबानं आईकडे पाहिलं. त्या एका नजरेनं सिग्नेला जे कळायचं ते कळलं, पण तिनं तरी विचारलं.

"आई, तुला माहीत होतं?"

आईनं ओव्हनचं दार बंद केलं. वळली नाही. "ऑगस्टपासून."

"ऑगस्ट. म्हणजे मी जोलीला पडद्यांचं माप सांगत होते तेव्हा तू इथंच बसली होतीस. या टेबलाशी."

"तू इतकी खूश होतीस, सिग्ने. मला वाटलं, तोपर्यंत दुसरं मिळेल."

"दुसरं मिळणारच आहे!" बाबा म्हणाला. "तो मालक वर्षाचा करार मागत होता. सबंध वर्षाचा. मी कुणाला आयुष्यातलं वर्ष लिहून देत नाही. उद्या टेक्सासमध्ये चांगलं काम निघालं तर?"

"निघालंय का?"

"निघू शकतं."

"म्हणजे घर मिळत होतं. तूच नको म्हणालास."

"मी नको नाही म्हटलं. त्याच्या अटीवर नको म्हटलं. फरक आहे."

"काय फरक आहे? झोपायचं तर इथंच आहे."

बाबाचा चेहरा हळूहळू बदलला. सणाचा रंग उतरला आणि खाली दुसरंच काहीतरी होतं, बरेच दिवस साठवलेलं.

"इथंच. हो. या डब्यात. तुझ्या त्या भाषणात आहे ना, तोच हा डबा. कारखान्यात लोक मला ऐकवतात, माहितीये? 'डॅरेल, अंडी कुठं बसून परतलीस आज?' मी हसतो. पोरगी पहिली आली म्हणून हसतो. तुला टाळ्या घ्यायला ही गाडी चालते, आणि राहायला चालत नाही?"

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून सिग्नेला ते इतकं लागलं. त्या भाषणाला बाबा पहिल्या रांगेत बसला होता, सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता. आत्ता तिला त्याचं ते हसणं पुन्हा ऐकू आलं आणि या वेळी ते निराळं वाटलं.

"सॉरी," ती म्हणाली. "ते मी असं बोलायला नको होतं."

"जाऊ दे."

"पण घराचं तू खोटं बोललास."

"जाऊ दे म्हटलं ना!" बाबा उठला. उठला की कॅम्पर एका बाजूला किंचित झुकायचं. मग अचानक त्याचा सूर मऊ झाला. तो मऊ झाला की सिग्नेला जास्त राग यायचा, कारण मग भांडताही येत नसे. "चल. तुझा हीटर लावून देतो. तुझ्या बिछान्यापाशी. तुलाच थंडी वाजते ना सगळ्यांत जास्त?"

सिग्नेचा बिछाना अगदी मागच्या टोकाला होता, दोन्हीकडून बाहेरच्या भिंती. तिथला प्लग अजून तसाच काळा होता. बाबा वाकला, बाकाखालचा कप्पा उघडला आणि नारिंगी वायर बाहेर ओढली.

"त्याच्यावर लावायचा नाही," सिग्ने म्हणाली.

"ऑर्विलनं शिकवलं वाटतं. अगं, मी वीस वर्षं वायरी ओढतोय."

"तो प्लग तूच जाळलास, बाबा. फेब्रुवारीत बदलणार होतास."

"बदलतो ना. या आठवड्यात बदलतो. तोवर ही वायर—"

"डॅरेल," आई म्हणाली. पहिल्यांदाच तिनं वळून पाहिलं. "ठेव ती."

बाबा वायरीचं वेटोळं हातात घेऊन मधोमध उभा राहिला. सिग्ने त्याच्या बाजूनं पुढं सरकली, म्हणजे खरं तर त्याला घासूनच, कारण त्या जागेत दुसरं कसं सरकणार? तिनं खोकं फाडलं, पाय बसवले, हीटर टेबलापाशी आणला. तिथल्या भिंतीतला प्लग शाबूत होता. पडदा वर करून तिनं चिमट्यानं अडकवला, जवळची उशी उचलून पलीकडे फेकली, खटका मधल्या खुणेवर ठेवला. लाल दिवा लागला. थोड्या वेळानं आतलं पत्र्याचं अंग तापायला लागलं आणि टिक, टिक असा बारीक आवाज यायला लागला.

आईच्या पायांपर्यंत ऊब पोचली असावी, कारण तिनं नकळत एक पाऊल हीटरकडे टाकलं. बाहेर कुणाचा तरी ट्रक सुरू झाला आणि शेजारच्या जागेवरचं कॅम्पर खडखडत तळाबाहेर गेलं. खिडकीतून आता थेट काळी शेतं दिसत होती.

"मस्त आहे गं," बाबा म्हणाला. "चांगला निवडलास. आता फक्त मागंपर्यंत ऊब पोचायला हवी. एक छोटा पंखा लावला की—"

"मागं पोचणार नाही," सिग्ने म्हणाली.

"पोचवू ना."

"पोचवायची गरज नाही." तिनं प्लगला हात लावून बघितला. गार होता. मग ती सरळ उभी राहिली. आवाज स्टेजवरचा नव्हता आता, थरथरत होता. तिनं तो तसाच थरथरू दिला. "मी रविवारी जोलीकडे राहायला जातेय. त्यांच्या तळघरात खोली आहे. शाळा संपेपर्यंत तिथं राहीन. शनिवारी येईन, आईबरोबर जेवेन. आई, रडू नकोस, प्लीज, तू रडलीस तर मी जाऊ शकणार नाही आणि मला जायचंच आहे. बाबा, तू काही म्हणू नकोस. मी तुम्हाला विचारत नाहीये. सांगतेय."